जिभेने ओळखावी वनस्पती: चवीवरून औषधी निवडण्याची रीत

औषधी वनस्पती निवडताना बहुतेक जण तक्रारीच्या नावापासून सुरुवात करतात. झोप लागत नाही म्हणून अश्वगंधा, पोट साफ होत नाही म्हणून हिरडा, अशी जोडी त्यांच्या मनात आधीच ठरलेली असते. ही जोडी सोयीची असली, तरी वनस्पती घेणाऱ्या माणसाचा विचार तिच्यात फारसा नसतो. एकाची झोप थकव्याने, कोरडेपणाने आणि काळजीने उडालेली असते, तर दुसऱ्याची अंगातल्या उष्णतेमुळे आणि दिवसभराच्या संतापामुळे. या दोघांना एकच मुळी दिली, तर एकाला ती लागू पडते आणि दुसऱ्याची तगमग वाढते. तक्रार सारखी असूनही उपाय वेगळा का लागतो, हे समजून घेण्यासाठी आयुर्वेदाने जी रीत बसवली, तिची पहिली पायरी चव ही आहे. या लेखात ती रीत घरच्या घरी, किरकोळ तक्रारींसाठी आणि सुरक्षितपणे कशी वापरावी, हे सांगितले आहे.

आयुर्वेद सहा चवी मानतो, आणि त्यांनाच तो रस म्हणतो: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट. ही संख्या सहजासहजी ठरलेली नाही. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात, सूत्रस्थान नावाच्या भागातील 26 व्या अध्यायात, ऋषींची एक सभा वर्णिली आहे. तीत कोणी रस एकच मानतो, कोणी दोन, कोणी सात, कोणी आठ, तर कोणी असंख्य; आणि शेवटी आचार्य आत्रेय सहा रसांवर निर्णय देतात. हे सहा रस एकेकटे व एकमेकांत मिसळून 63 प्रकारचे होतात, असेही तिथे गणित मांडले आहे. संस्कृत ग्रंथांतून किंवा औषधाच्या वेष्टनावरून माहिती घेणाऱ्याने एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: तिथे ‘कटु’ असे लिहिले असेल, तर ते तिखटासाठी असते, कडूला तिथे ‘तिक्त’ म्हणतात. या एका गैरसमजामुळे नेमकी उलटी वनस्पती निवडली जाऊ शकते.

चव कशी घ्यावी

चव पाहायची असेल, तर वनस्पती चूर्णाच्या किंवा साध्या काढ्याच्या रूपात घ्यावी. कॅप्सूल जिभेला काहीच सांगत नाही, आणि मधात किंवा साखरेत कालवलेले चूर्ण खोटी साक्ष देते. सकाळी तोंड धुतल्यावर किंवा जेवणानंतर दोन-तीन तासांनी, चहा-कॉफी घेतलेली नसताना, चिमूटभर चूर्ण जिभेवर ठेवावे आणि ते सगळ्या जिभेवर पसरू द्यावे. जिभेच्या टोकाला फक्त गोड कळते आणि मागच्या बाजूला फक्त कडू, असा जो नकाशा अनेकांनी शाळेत पाहिलेला असतो, तो 1901 च्या एका जर्मन अभ्यासाच्या चुकीच्या वाचनातून रूढ झाला. प्रत्यक्षात जिभेच्या सर्व संवेदनशील भागांना सर्व चवी कळतात.

पहिल्या क्षणी जी चव स्पष्ट जाणवते, तो त्या द्रव्याचा मुख्य रस होय. काही वेळाने, मागाहून, पुसटशी जी उमटते तिला अनुरस म्हणतात, आणि निवड करताना तिलाही महत्त्व असते. तोंडाचे काय होते, याकडेही लक्ष द्यावे. गोड द्रव्य तोंडाला लिंपून राहते व सुखावते. आंबटाने दात शिवशिवतात, तोंडाला पाणी सुटते आणि डोळे नकळत मिटतात. खारट चटकन विरघळते व लाळ वाढवते. तिखटाने जिभेचा शेंडा चुरचुरतो आणि नाकाडोळ्यांतून पाणी येते. कडू चव तोंड स्वच्छ करते, पण दुसरी कोणतीही चव कळू देत नाही. तुरटाने जीभ जड व आखडल्यासारखी होते आणि घसा आवळल्यासारखा वाटतो. ही वर्णने शेकडो वर्षांपूर्वीच्या ग्रंथांतील असली, तरी आजही कोणालाही स्वतःच्या तोंडात पडताळून पाहता येतात, आणि मला ती या शास्त्रातील सर्वांत विश्वासार्ह जागांपैकी एक वाटतात.

त्यांतील काहींची कारणे आता ठाऊक आहेत. तिखटपणा ही शरीरशास्त्राच्या काटेकोर अर्थाने चव नसून उष्णता व वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंची जाणीव आहे. मिरचीतील कॅप्सायसिन ज्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवरच्या संवेदना टिपणाऱ्या रेणूवर, काम करते, तोच ग्राही भाजणाऱ्या उष्णतेनेही जागा होतो. हा ग्राही 1997 मध्ये ओळखला गेला, आणि त्या कामासाठी डेव्हिड ज्यूलियस यांना 2021 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तिखटाला जुन्या वैद्यांनी अग्नी आणि वायू यांचा रस मानले होते, ते या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. तुरटपणा हा मुख्यतः टॅनिन या वनस्पतींतील द्रव्याचा परिणाम होय: टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून टाकते आणि तोंडाचा ओलसर गुळगुळीतपणा नाहीसा होतो.

आधी स्वतःची आजची अवस्था पाहावी

वनस्पतीची चव कळली, तरी ती कोणासाठी हा प्रश्न उरतोच. पुष्कळ लोक ‘माझी प्रकृती वाताची’ असे एकदा ठरवून आयुष्यभर त्याच शिक्क्याने औषधे निवडतात. माझ्या मते घरगुती उपयोगासाठी जन्मजात प्रकृतीपेक्षा आजची अवस्था अधिक महत्त्वाची आहे, कारण औषध त्या अवस्थेवर काम करणार असते. ही अवस्था तीन दिशांनी पाहता येते.

शरीर कोरडे, थंड व हलके झाले असेल, पोटात वायू धरत असेल, मल घट्ट होत असेल, आणि मनात भीती, अस्थिरता किंवा न थांबणारे विचार असतील, तर वात वाढला आहे असे समजावे. त्याला गोड, आंबट आणि खारट रस शांत करतात. अंगात जळजळ, आंबट ढेकर, तोंड येणे, जास्त घाम, आणि मनात चिडचिड, अधीरता, दुसऱ्याचे दोष सतत दिसणे अशी लक्षणे असतील, तर ते पित्त होय. त्याला गोड, कडू आणि तुरट रस लागतात. जडपणा, सुस्ती, कफ, जेवणानंतरची गुंगी, आणि मनात निरुत्साह किंवा एकाच गोष्टीला धरून बसणे असेल, तर कफ वाढलेला असतो. तिखट, कडू आणि तुरट हे त्याचे उतारे आहेत.

दोन अवस्था एकत्र असतील, तर दोघींना समान असलेला रस शोधावा. काळजीही आहे आणि जळजळही आहे, तर वात व पित्त दोघांनाही शांत करणारा गोड रस निवडावा. शतावरी किंवा ज्येष्ठमध यांचा विचार तिथे होतो. जडपणाही आहे आणि रागही आहे, तर कडू रस दोन्हीकडे चालतो. कफ व वात एकत्र असतील, म्हणजे सर्दी-जडपणाबरोबर पोटात वायूही असेल, तर मात्र दोघांच्या यादीत सामाईक रस एकही सापडत नाही. अशा वेळी चव बाजूला ठेवून उष्णतेकडे पाहावे लागते. सुंठ तिथे कामाला येते, कारण ती तिखट व उष्ण असल्याने कफ हटवते आणि पचनानंतर गोड परिणाम देत असल्याने वातालाही बिघडवत नाही.

निवडीपूर्वी आरशात जीभ पाहण्याची सवय लावून घ्यावी. जिभेवर जाड पांढरा थर असेल, भूक नसेल आणि तोंड बेचव असेल, तर कितीही अशक्तपणा जाणवत असला तरी गोड, पौष्टिक वनस्पतींनी सुरुवात करू नये. पचन आधी ताळ्यावर आणावे लागते, आणि ते काम तिखट व कडू रसांचे आहे. हा क्रम चुकला की शतावरी किंवा अश्वगंधा यांसारखी उत्तम द्रव्येही नुसता जडपणा वाढवतात, आणि दोष मात्र वनस्पतीला दिला जातो.

रसांनुसार वनस्पती

कडू रसावर थोडे अधिक बोलणे आवश्यक आहे, कारण रोजच्या खाण्यातून नाहीशी होत चाललेली चव हीच आहे. माणसात कडू चवीचे सुमारे 25 प्रकारचे ग्राही आहेत आणि ते जिभेपुरते मर्यादित नाहीत. आतड्यांत आणि श्वासमार्गातही ते सापडले आहेत. कडू वनस्पती तोंडाला चव आणतात, उष्णता उतरवतात, चरबी आणि ओलसर जडपणा कमी करतात. जेवणापूर्वी पंधरा-वीस मिनिटे थोडासा काडेचिराईताचा काढा घेतला असता मंदावलेली भूक जागी होते. कडू घ्यायचे ते जिभेवर घ्यावे, कारण चव टाळली की त्या परिणामाचा एक भाग टळतो.

परंतु सगळ्या कडू वनस्पती सारख्या नसतात. कडुलिंब आणि काडेचिराईत कडू व थंड आहेत. ते दीर्घकाळ घेतले, तर शरीर कोरडे पडते, झोप हलकी होते आणि आधीच चिंताग्रस्त असलेला माणूस अधिक अस्वस्थ होतो. गुळवेलही कडूच आहे, पण तिचे वीर्य, म्हणजे शरीरावर होणारा तिचा उष्ण किंवा थंड प्रभाव, उष्ण आणि पचनानंतरचा परिणाम गोड मानला जातो. म्हणून अशक्त माणसासाठी कडू निवडायचे झाल्यास वैद्य तिच्याकडे वळतात. कुटकी ही तीव्र कडू आणि सारक आहे, तिचा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये. ब्राह्मी व मंडूकपर्णी यांचा कडवटपणा सौम्य आणि थंड असतो. तापलेल्या, विखुरलेल्या मनासाठी कडू रसातील ही सर्वांत मृदू निवड होय.

गोड रस म्हणजे साखरेचा गोडवा नव्हे. शतावरी किंवा विदारीकंद यांची गोडी मंद, पिठूळ आणि मागाहून जाणवणारी असते. हा रस शरीर भरून काढतो, इंद्रियांना प्रसन्न करतो आणि घाबरलेल्या मनाला आधार देतो. तो अति झाला, तर आळस, कफ आणि वजन वाढवतो. ज्येष्ठमधाची गोडी मात्र ठळक असते, कारण त्यातील ग्लिसिरायझिन साखरेच्या कितीतरी पट गोड आहे. घशाची कोरड आणि पोटातील जळजळ यांवर ते उपयोगी पडते. तथापि हेच ग्लिसिरायझिन शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम घटवते, म्हणून उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ज्येष्ठमध टाळावे, आणि इतरांनीही ते सलग अनेक आठवडे घेऊ नये.

तिखट वनस्पतींत सुंठ, मिरी आणि पिंपळी या तिघींना मिळून त्रिकटू म्हणतात. तुळसही याच बाजूची, थोडी कडवट. नाक चोंदलेले असताना, जेवण अंगावर आल्यासारखे वाटत असताना, सकाळी अंथरुणातून उठण्याचा उत्साह नसताना हा रस साचलेपण मोडतो आणि इंद्रिये तरतरीत करतो. मात्र रागावलेल्या, जळजळणाऱ्या, तहानलेल्या अवस्थेत तो घेऊ नये. पिंपळीचा अति वापर टाळावा, असे चरकसंहितेत स्पष्ट बजावले आहे. तिथे पिंपळी, क्षार आणि मीठ ही तीन द्रव्ये या बाबतीत एकत्र गणली आहेत. मिरी व पिंपळी यांतील पायपरिन काही औषधांचे शोषण वाढवते, हेही नियमित गोळ्या घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

तुरट रस आवळतो, सुकवतो आणि वाहणारे थांबवतो. अर्जुनाची साल, बेहडा, खैर, डाळिंबाची साल ही त्याची उदाहरणे. पातळ शौच, हिरड्यांतून येणारे रक्त, घशाची सूज अशा ठिकाणी तो योग्य ठरतो. वात वाढलेल्या माणसाला तो मानवत नाही. पोट फुगते आणि तोंड सुकते. टॅनिन लोहाचे शोषण कमी करते, म्हणून लोहाच्या गोळ्या आणि तुरट चूर्णे एका वेळी घेऊ नयेत.

आंबट रसाबद्दल चरकसंहितेत एक लक्षात राहण्याजोगी गोष्ट आहे: तो मनाला जागे करतो, असे तिथे म्हटले आहे. अन्नावरची वासना गेलेली असताना डाळिंब, लिंबू किंवा कोकम यांच्या चवीने जी तरतरी येते, ती पाहिली की हे पटते. आम्लपित्त, तोंडातील फोड आणि त्वचेचा दाह असताना मात्र आंबट टाळावे. खारट रस वनस्पतींत क्वचितच ठळक असतो. सैंधव हे त्याचे मुख्य द्रव्य, आणि तेही चिमटीपुरतेच वापरावे. प्रौढांनी दिवसभरात एकूण मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी घ्यावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सैंधवालाही लागू आहे.

चव जिथे अपुरी पडते

केवळ चवीवर निवड केली, तर काही महत्त्वाची द्रव्ये हातून सुटतात. आवळा आंबट आहे. नियमाप्रमाणे त्याने पित्त वाढवायला हवे, परंतु तो थंड वीर्याचा आणि पचनानंतर गोड परिणामाचा असल्याने पित्त शमवतो. हिरडा तुरट असूनही मल बांधत नाही, उलट तो मोकळा करतो. मध गोड असूनही कफ कमी करतो. अश्वगंधा जिभेला कडवट-तुरट लागते, तरीही ती शरीर भरून काढते. पुदिना तोंडाला गार वाटतो, तरी तो उष्ण गणला जातो. म्हणून चवीनंतर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: वनस्पतीचे वीर्य उष्ण की थंड, आणि तिचा विपाक, म्हणजे पचनाअंतीचा परिणाम, कोणता. सामान्यतः गोड व खारटाचा विपाक गोड, आंबटाचा आंबट, आणि तिखट, कडू व तुरट या तिघांचा तिखट मानतात. वर दिलेल्यांपैकी काही द्रव्ये या नियमाला अपवाद आहेत. चव जिभेवर लगेच कळते, विपाक मात्र परिणामांवरून ओळखावा लागतो, आणि त्यासाठी काही दिवस द्यावे लागतात.

मनाच्या तक्रारींसाठी

एकेका चवीला एकेक भावना जोडणारी कोष्टके हल्ली बरीच दिसतात. त्यांवर विसंबू नये, असे माझे मत आहे; मनाची अवस्था आणि शरीराची अवस्था एकत्र पाहिल्याशिवाय निवड ठरत नाही. थकून, रोडावून, काळजीने झोप उडालेल्या माणसाला रात्री दुधाबरोबर थोडी अश्वगंधा जुळते. उष्णतेने, रागाने, डोक्यात विचार पेटल्यासारखे होऊन जो जागा राहतो, त्याच्यासाठी ब्राह्मी किंवा जटामांसी अधिक योग्य, कारण दोन्ही कडवट व थंड आहेत. उदासपणाबरोबर जडपणा आणि अति झोप असेल, तर तुळस व सुंठ यांसारख्या तिखट द्रव्यांनी सकाळची सुरुवात करावी. अशा माणसाला शांत करणारी थंड वनस्पती दिली, तर तो आणखी खोल बसतो. बुद्धी व स्मृती यांसाठी चरकाने मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी अशी चार द्रव्ये सांगितली आहेत.

मनाच्या दोषांवर मुख्य औषध बुद्धी, धैर्य आणि आत्मज्ञान हेच आहे, असे आयुर्वेदाचे प्राचीन ग्रंथकार वाग्भट यांनी स्पष्ट म्हटले आहे. वनस्पती त्याला साहाय्य करते. उदासी किंवा भीती दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कामात व नात्यांत अडथळा येऊ लागला, तर तज्ज्ञाला भेटावे. जगणे नकोसे वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नये. मानसोपचाराच्या चालू गोळ्या वनस्पतींच्या भरवशावर बंद करू नयेत.

घेण्याची पद्धत आणि सावधगिरी

एका वेळी एकच वनस्पती निवडावी. सुरुवातीला पाव चमच्याहूनही कमी चूर्ण दिवसातून एकदा घ्यावे, आणि भूक, झोप, मल, त्वचा व मनःस्थिती यांची रोज दोन ओळींत नोंद ठेवावी. योग्य वनस्पती पहिल्या काही दिवसांत निदान या पाचांपैकी एकात तरी सुधारणा दाखवते. दोन आठवड्यांत काहीच बदल नसेल, तर मात्रा वाढवण्यापेक्षा निवड तपासावी. एखाद्या चवीची आरंभी किळस वाटणे स्वाभाविक आहे, पण घेतल्यावर दरवेळी मळमळ, जळजळ किंवा अस्वस्थता होत असेल, तर ती वनस्पती थांबवावी. अवस्था पालटली की रसही पालटावा. जे औषध उन्हाळ्यातल्या जळजळीला योग्य होते, ते थंडीतल्या कोरडेपणाला योग्य राहत नाही.

अनोळखी झाडाचे पान, बी किंवा मूळ चव पाहण्यासाठी कधीही तोंडात घालू नये. कण्हेर, धोतरा आणि वत्सनाभ यांची थोडी मात्राही जीवघेणी ठरू शकते, आणि चव हा सुरक्षिततेचा पुरावा नाही. खात्रीच्या ठिकाणाहून, वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग लिहिलेले चूर्णच घ्यावे. गुळवेल व अश्वगंधा यांच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे किंवा अकारण थकवा येणे असे काही जाणवले, तर ताबडतोब बंद करून तपासणी करावी. थायरॉइडची औषधे चालू असताना अश्वगंधा आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना रक्तातील साखर उतरवणाऱ्या वनस्पती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गरोदरपण, स्तनपान, बालवय आणि यकृत-मूत्रपिंडाचे विकार या अवस्थांत निवड वैद्यावरच सोपवावी. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आपण घेत असलेल्या प्रत्येक चूर्णाचे व काढ्याचे नाव किमान दोन आठवडे आधी शल्यचिकित्सकाला आणि भूलतज्ज्ञाला सांगावे.